आजोबांचा रस्ता आणि आमचा ट्रॅफिक जाम

मंडळी, "बिबट्या शहरात शिरला" अशी बातमी आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, पकडून न्या आणि लांब सोडा. दुसरा म्हणतो, आपणच त्यांच्या घरात घुसलोय. दोन्ही बाजूंचे फॉरवर्ड ठरलेले, स्मायलीही ठरलेले. मला मात्र त्या वाक्यातलं क्रियापद खटकतं. 'शिरला' म्हणजे कुठून कुठे? घरात शिरायला आधी दाराबाहेर असावं लागतं. मग हे दार कुठे आहे, ते कोणी बसवलं आणि कधी?

१९ डिसेंबर २०२५ ला भाईंदर पूर्वेला, तलाव रोडवरच्या एका इमारतीत बिबट्या आला. काही माणसं जखमी झाली आणि कित्येक तासांच्या धावपळीनंतर वनखात्याच्या पथकाने त्याला भूल देऊन पकडलं. जेसल पार्कपासून ही जागा काही फार लांब नाही. त्या आठवड्यात आमच्याकडे संध्याकाळी खाली खेळणारी पोरं दिसेनाशी झाली आणि वॉचमनच्या हातात काठी आली. ती भीती खोटी नव्हती. ज्यांना जखमा झाल्या त्यांना 'सहजीवन' वगैरे शब्द ऐकवणं हा शुद्ध उद्धटपणा झाला असता.

पण इंजिनियर माणसाची खोड अशी की काही बिघडलं की लॉग उघडून मागे मागे जात राहायचं. तेव्हा या वीकांताचा लेख म्हणजे असाच एक लॉग आहे. थोडा गेल्या जानेवारीतल्या एका रविवारच्या भटकंतीचा, आणि बराचसा त्या भटकंतीत वाटेत लागलेल्या दोन हजार वर्षांचा.

आधी भूगोल उरकून घेऊ. आपण ज्याला मुंबई उपनगर, ठाणे शहर आणि मीरा-भाईंदर म्हणतो ते सगळं एका बेटावर आहे. साष्टी बेट. नावाची फोड 'सहासष्ट', म्हणजे सहासष्ट गावांचं बेट, अशी करतात. कर्जतकडच्या डोंगरातून आलेली उल्हास नदी ठाण्याजवळून पश्चिमेला वळते आणि वसईपाशी समुद्राला मिळते. तिचा हा शेवटचा रुंद, खारा भाग म्हणजे वसईची खाडी. खाडीच्या उत्तरेला वसई, नायगाव आणि मागे तुंगारेश्वरचा डोंगर. दक्षिणेला साष्टी, आणि तिच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, साधारण १०४ चौरस किलोमीटरचं. जेसल पार्क या बेटाच्या अगदी उत्तर काठावर आहे. विरार लोकल भाईंदर सोडून पुलाकडे वळते तेव्हा उजव्या हाताला जी खाडी, जी तिवरं आणि ज्या इमारती दिसतात ना, तिथे.

तर त्या रविवारी मी आणि माझा एक मित्र (हा नायगावचा, म्हणजे खाडीपलीकडचा) सकाळी सातला जेसल पार्क चौपाटीवर भेटलो. चौपाटी नावाची. वाळू शोधू नका, मिळणार नाही. बांधलेला काठ, बाकडी, चालायला येणारे आजी-आजोबा आणि समोर चिखल. ओहोटी होती. त्या चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. अर्धा मासा, अर्धा बेडूक वाटावा असा हा प्राणी पाणी ओसरलं की चिखलावरून चक्क चालतो. पाच-सहा बगळे, एक खंड्या, आणि वर गिरक्या मारणारे कुरव, म्हणजे आपले सीगल. हे हिवाळ्यापुरते येणारे पाहुणे. लोक त्यांना शेव-गाठ्या खायला घालतात. इतक्या लांबून उडत येऊन फरसाण खायचं म्हणजे त्यांच्या पोटाचं काय होत असेल देव जाणे.

बाकड्यावर एक म्हातारे काका बसले होते, इथल्याच गावातले. मित्राने विचारलं, "काका, इथे पूर्वी जनावरं दिसायची का हो?" काका म्हणाले, "जनावर म्हंजे? कोल्हे तर रोजचेच. पाणी उतरलं का चिंबोऱ्या खायला यायचे. रात्रीची त्यांची ओरड ऐकल्याबिगर झोप कशी ती लागायची नाय." मग थोडं थांबून म्हणाले, "आता गाड्यांचा आवाज असतो. झोप लागते." :)

काकांच्या या वाक्यामागे जनगणनेचे आकडे आहेत. १९९१ साली मीरा-भाईंदरची लोकसंख्या होती पावणेदोन लाख. २००१ मध्ये सव्वापाच लाख. २०११ मध्ये आठ लाखांवर. नगरपरिषद झाली १९८५ ला, महापालिका झाली २००२ ला. म्हणजे काकांच्या एकाच आयुष्यात मिठागरं आणि भातशेतीचं गाव हे देशातल्या दाट वस्तीच्या शहरांपैकी एक झालं.

चौपाटीवरून डावीकडे रेल्वेचा पूल दिसतो. या पुलाची गोष्ट मला फार आवडते. बी.बी.सी.आय. म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे ही कंपनी गुजरातेतून मुंबईकडे रूळ टाकत आली. तिच्या वाटेत नर्मदा, तापी वगैरे नद्या आणि शेवटी ही वसईची खाडी. कंपनीचे इंजिनियर केनेडी यांनी डोकं लढवलं आणि प्रत्येक नदीसाठी वेगळा पूल आखत बसण्यापेक्षा ठराविक मापाचे लोखंडी गाळे इंग्लंडहून मागवायचे, नदी रुंद असली तर जास्त गाळे जोडायचे, असं धोरण ठेवलं. सॉफ्टवेअरवाल्यांना यात ओळखीचं काही दिसेल! खाडीच्या मधोमध पाणजू नावाचं छोटं बेट आहे. त्याच्या एका बाजूला एक पूल, दुसऱ्या बाजूला दुसरा. १८६४ च्या नोव्हेंबरात गाडी ग्रँट रोडपर्यंत आली. इथली खाडी पाय न भिजवता ओलांडता यायला लागली ती तेव्हापासून.

त्याआधी काय होतं? होडी, भरती-ओहोटीचं गणित, आणि पलीकडे कोणाची सत्ता आहे हा प्रश्न. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्यांना साष्टी हवी होतीच, आणि साष्टी राखायची तर खाडी राखायला हवी. म्हणून खाडीच्या तोंडाशी वसईचा किल्ला, समोर भाईंदरच्या पश्चिमेला डोंगरावर धारावीचा, आणि आत खाडी अरुंद होते तिथे घोडबंदरचा. (ही धारावी म्हणजे माहीमजवळची नव्हे, उत्तन-डोंगरीकडची.) घोडबंदर हे नाव अरबी घोड्यांच्या व्यापारावरून पडलं असं सांगतात. १७३७ ला चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी घेतली, घोडबंदर घेतलं, आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. त्या मोहिमेची वर्णनं वाचताना एक गोष्ट जाणवते. तोफा, सुरुंग, शौर्य हे सगळं आहेच, पण अर्धी लढाई पाण्याची आहे. कुठून उतरायचं, कधी उतरायचं, कोणाच्या होड्या, कोणाचा पहारा. ज्याच्या हातात उतार त्याच्या हातात बेट.

हा 'उतार' शब्द लक्षात ठेवा. नदी किंवा खाडी जिथे ओलांडता येते ती जागा. लेखाचा सगळा मामला त्या शब्दापाशी आहे.

चहा मारून आम्ही फटफटी काढली आणि घोडबंदरला निघालो. नवघर रोड, गोल्डन नेस्ट, काशीमीरा नाका, मग हायवे. सकाळची वेळ असल्याने पंचवीस मिनिटांत पोचलो. किल्ला छोटासा आहे, हल्ली डागडुजी झालेली आहे. वरून खाडी झकास दिसते. आणि मुख्य म्हणजे इथून कळतं की घोडबंदर घोडबंदरलाच का झालं ते. दोन्ही बाजूंनी डोंगर खाली आलेत आणि मध्ये खाडी चिंचोळी झालीये. दक्षिणेला राष्ट्रीय उद्यानाचा नागला नावाचा भाग खाडीला टेकलेला. उत्तरेला काही किलोमीटरवर तुंगारेश्वर, जे २००३ मध्ये अभयारण्य झालं. माणसाला जिथे ओलांडावंसं वाटलं, तिथेच जनावरालाही वाटणार. दोघांचं भूगोलाचं पुस्तक एकच.

आता आजोबांकडे वळू. नावाने फसू नका, आजोबा म्हणजे बिबट्या. २००९ साली नगर जिल्ह्यातल्या (आताचा अहिल्यानगर जिल्हा) टाकळी ढोकेश्वरला एक नर बिबट्या विहिरीत पडला. वनखात्याने त्याला बाहेर काढलं. विद्या अत्रेय या जीवशास्त्रज्ञ तेव्हा वनखात्याबरोबर बिबट्यांवर काम करत होत्या. बिबट्या वयाने मोठा आणि स्वभावाने शांत, म्हणून नाव पडलं 'आजोबा'. त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला, कातडीखाली एक चिप बसवली आणि माळशेज घाटात सोडून दिलं. पट्टा काय करायचा? ठराविक वेळी स्वतःची जागा टिपायची आणि मोबाइलच्या नेटवर्कवरून कळवायची. म्हणजे आजोबा चक्क एसएमएस पाठवत होते. आपण घरी "पोचलो" असा मेसेज टाकायला विसरतो, ते बिचारे नियमित पाठवायचे.

हे मेसेज बघून सगळे चाट पडले. आजोबा माळशेजला थांबलेच नाहीत. ते पश्चिमेला चालायला लागले. कसारा स्टेशनजवळ त्यांनी रेल्वेचे रूळ ओलांडले. मुंबई-आग्रा हायवे ओलांडला. वसईच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून ते आले. आणि शेवटी ही समोरची खाडी पोहून नागल्याच्या जंगलात, म्हणजे साष्टी बेटावर, दाखल झाले. सुमारे १२० किलोमीटर, महिन्याभरात. वाटेत त्यांनी कोणाही माणसाला इजा केली नाही. बहुतेकांना कळलंच नाही की शेजारून कोण गेलं.

२०१४ मध्ये सुजय डहाके यांनी यावर 'आजोबा' नावाचा सिनेमा केला, त्यात ऊर्मिला मातोंडकर होती. काहींनी पाहिला असेल. त्या वेळी सगळीकडे चर्चा झाली ती "एवढं अंतर कसं कापलं" याची. मला नकाशा बघताना वेगळीच गंमत वाटली.

माळशेजच्या शेजारी नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरचा व्यापारी माल नाणेघाटाने कोकणात उतरवायचा आणि कल्याण किंवा सोपाऱ्याच्या बंदराला न्यायचा. नाशिककडून येणारी दुसरी वाट थळघाटाने, म्हणजे कसाऱ्यावरून, उतरायची. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा, खाडीच्या उत्तरेला. आणि खाडीच्या दक्षिणेला, आजच्या राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात, कान्हेरीची लेणी. त्या लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची गावं कोरलेली आहेत. त्यात कल्याण आहे, सोपारा आहे, नाशिक आहे. म्हणजे घाटमाथा, घाट, कोकणपट्टी, खाडी आणि कान्हेरीचा डोंगर अशी ही जोडलेली वाट होती. त्यावर बैल चालले, व्यापारी चालले, भिक्षू चालले.

आणि २००९ मध्ये आजोबा घाट उतरून, कसाऱ्यावरून, वसई करत, खाडी ओलांडून साधारण त्याच दिशेने कान्हेरीच्या जंगलाकडे आले. त्यांनी शिलालेख वाचले असतील असं माझं म्हणणं नाही :) पण डोंगराच्या सोंडा, पाण्याच्या जागा, आडोसा आणि उतार यांचं गणित बैलाला आणि बिबट्याला एकच उत्तर देतं. वाट आधी असते, तिच्यावरचा रस्ता नंतर येतो.

हे फक्त बिबट्यापुरतं नाही. साष्टीत वाघही होते. मलबार हिलवर १८२२ साली वाघ दिसल्याची नोंद मुंबईच्या इतिहासात सापडते. बेटावरचा शेवटचा वाघ मारला गेला तो विहार तलावाच्या परिसरात, १९२९ साली. त्यानंतर थेट २००३ मध्ये राष्ट्रीय उद्यानात वाघाचे ठसे आणि विष्ठा सापडली. मधली पाऊणशे वर्षं बेटावर वाघ नव्हता, म्हणजे आलेला पाहुणा बाहेरूनच आलेला असणार. आणि बाहेरून यायचं तर उत्तरेच्या या खाडीसारखी सोयीची जागा दुसरी कुठली?

आता "जंगलातच राहा ना बाबा, कशाला इकडे तिकडे फिरता" या प्रश्नाकडे येऊ. राष्ट्रीय उद्यानात कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत २०१५ साली ३५ बिबटे मोजले होते. २०२४ च्या मोजणीत ५४. एवढ्याशा जागेत एवढे बिबटे. तरुण नराला मोठा नर टिकू देत नाही, त्याला नवी जागा शोधावी लागते. शिवाय बेटावरचे बिबटे पिढ्यान्‌पिढ्या आपसातच राहिले तर रक्त एकच होत जातं. बाहेरचं रक्त यायचं आणि इथलं बाहेर जायचं तर उतार मोकळा हवा. उतार बंद झाला की त्या तरुण नरापुढे उरतात त्या गल्ल्या, आपल्या इमारती आणि कचराकुंडीभोवतीची कुत्री. डिसेंबरातला बिबट्या कुठून आला हे सांगायचा माझा दावा नाही. पण वाट बंद केली की जनावर गायब होत नाही, ते दुसऱ्या वाटेने जातं, एवढं कळायला जीवशास्त्राची पदवी लागत नाही. हायवे बंद असला की आपणही गल्लीबोळातून गाडी काढतोच की.

मग आजच्या घडीला त्या वाटेवर काय काय आहे? तुंगारेश्वरातून निघालेल्या बिबट्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आधी चिंचोटी-अंजूरफाटा रस्ता. त्याला लागून गोदामं. मग वसई-दिवा रेल्वेमार्ग. शेजारी मालगाड्यांचा नवा मार्ग. बुलेट ट्रेनचा मार्गही याच पट्ट्याला छेदून जातोय. मग खाडी, जी यातली सगळ्यात सोपी गोष्ट, कारण पोहता येतं. पलीकडे नागला. आणि नागल्यातून मुख्य जंगलात जायला शेवटचा अडथळा : घोडबंदर रोड.

आम्ही त्या दुपारी या घोडबंदर रोडनेच चेण्यापर्यंत आणि पुढे गायमुखपर्यंत गेलो. चेण्याला रस्त्याकडेला माकडं बसली होती, गाड्यांमधून पडणाऱ्या वेफर्सकडे डोळे लावून. पुढे एका वळणावर रस्त्याच्या कडेला एक उदमांजर मरून पडलं होतं. रात्री कधीतरी चिरडलेलं. मित्राने गाडी बाजूला घेतली, आम्ही उतरून बघितलं आणि काही न बोलता परत निघालो. त्याच्यापासून पन्नास पावलांवर "वन्यप्राण्यांचा वावर, वाहने सावकाश चालवा" असा बोर्ड होता.

परतताना अडकलो. गायमुखच्या चढापासून वरसाव्याच्या नाक्यापर्यंत सगळं ठप्प. (वरसावे हे इथलं गाव. इंग्रजीतून परत मराठीत येताना त्याचं 'वर्सोवा' झालं आणि अंधेरीच्या वर्सोव्याला जायला निघालेले किती लोक गोंधळले असतील कोण जाणे.) सातेक किलोमीटरला एक तास चाळीस मिनिटं. इंजिनं बंद करून लोक खाली उतरलेले, कोणी चणे विकतोय, कोणी घरी फोन करून "अजून तिथेच आहे" सांगतोय. घोडबंदरकरांना यात नवीन काही नाही. वरसाव्याच्या खाडीपुलाला २०१३ च्या डिसेंबरात तडा सापडला आणि पुढे कित्येक महिने अहमदाबाद हायवेचं तोंड आवळलं गेलं. २०१६ मध्ये पुन्हा जड वाहनांना बंदी घालावी लागली. नवा चौपदरी पूल २०२३ ला सुरू झाला. २०२५ मध्ये गायमुख घाटाच्या दुरुस्तीसाठी वाहतूक वळवली आणि पुन्हा सगळं अडलं. १७३९ काय आणि २०२५ काय, उतार एकच आणि त्याच्यावरची झुंबड तीच.

त्या जॅममध्ये उभं असताना मित्र म्हणाला, "एवढ्या गाड्यांतून बिचारा बिबट्या कसा ओलांडणार रे?" तेव्हा मला वाटलं, हा प्रश्न उलटा आहे. जॅममधली गाडी कोणाला मारत नाही. उभ्या ट्रकला धडकून उदमांजर मरत नाही. मारतो तो मोकळा रस्ता. दिवसा गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी असते, म्हणून ती रात्री सोडली जातात. रात्री रस्ता रिकामा मिळाला की दिवसभर तुंबलेला ड्रायव्हर पाय दाबतो. आणि अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात पट्टा बांधलेले बिबटे हालचाल करत ती मुख्यतः रात्री, माणसं झोपल्यावर. आपण आपली गैरसोय दिवसातून काढून रात्रीत ढकलतो, आणि रात्र तर त्यांनी आपल्याला टाळायला निवडलेली. दोन वेळापत्रकं नेमकी एकमेकांवर येऊन आदळतात.

आजोबांचं पुढे तेच झालं. १२० किलोमीटर, दोन घाटांचा मुलूख, आग्रा हायवे, रेल्वे, कारखाने, खाडी हे सगळं ओलांडून आलेले आजोबा २०११ च्या डिसेंबरात राष्ट्रीय उद्यानाजवळच्या रस्त्यावर वाहनाची धडक बसून मेले. कातडीखालच्या चिपमुळे ते आजोबा आहेत हे कळलं. पट्टा नसलेले, चिप नसलेले असे किती गेले असतील, त्यांना नाव नाही म्हणून आपल्यापाशी गोष्टही नाही.

आता उपाय. "विकास हवा की बिबट्या हवा" हा वाद मला वेळेचा अपव्यय वाटतो, कारण घोडबंदर रोड रोज लाखो लोकांचा रस्ता आहे आणि तो कुठे जाणार नाही. तासन्‌तास अडकलेल्या रुग्णवाहिकेतल्या माणसालाही मोकळा रस्ता हवाच. प्रश्न एवढाच की रस्ता बांधताना खालून किंवा वरून दुसऱ्या प्रवाशाची सोय करता येते का. येते. आपल्याच राज्यात केलेली आहे. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. तिथे कोर्टकचेऱ्या झाल्यावर रस्ता खांबांवर उचलला आणि जनावरांसाठी खालून नऊ जागा सोडल्या. यातली सगळ्यात लांब जागा ७५० मीटरची आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावले तर खालून जाणाऱ्या १८ प्रजातींचे फोटो मिळाले. त्यात ११ वेगवेगळे वाघ होते. वर ट्रक, खाली वाघ, आणि दोघांनाही उशीर नाही.

केनेडींना १८६० च्या दशकात कळलं होतं की पाण्याला जागा सोडल्याशिवाय पूल टिकत नाही. म्हणून गाळे ठेवले. घोडबंदर रोडला पावसाच्या पाण्यासाठी मोऱ्या आहेतच. गाळा म्हणजे तरी काय, वरचा प्रवास आणि खालचा प्रवास एकमेकांच्या आड येऊ नये म्हणून सोडलेली मोकळी जागा. नागल्यापाशी असे दोन-चार गाळे मागणं म्हणजे काही परग्रहावरचं तंत्रज्ञान मागणं नव्हे.

आणि मागायची वेळ हीच आहे. रस्ता रुंद होऊन, दुभाजक पडून, दोन्हीकडे भिंती उभ्या राहिल्यावर खाली जागा करायची म्हणजे चालू सिस्टीममध्ये मध्यरात्री पॅच मारण्यासारखं. खर्च दसपट, आणि मग "आता राहू द्या" असंच उत्तर मिळतं. आपल्यापैकी अनेक जण रस्त्याच्या खड्ड्यांसाठी, जॅमसाठी, पुलासाठी अर्ज, सह्या, ट्वीट करतातच. त्याच अर्जात एक ओळ वाढवायला हरकत नाही : नागला आणि मुख्य जंगल यांच्यामध्ये प्राण्यांसाठी वाट सोडा. जंगलप्रेम नसलं तरी चालेल. आपल्या जिन्यात बिबट्या येऊ नये एवढा स्वार्थही पुरेसा आहे.

जाता जाता एक बरी बातमी. फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर ते वसई रो-रो बोट सुरू झाली. रस्त्याने तीसहून अधिक किलोमीटरचा जो वळसा पडतो तो काही मिनिटांच्या पाण्यातल्या प्रवासावर आला. गाडी बोटीत चढवायची आणि वाऱ्यात उभं राहायचं. म्हणजे पोर्तुगीज, मराठे, इंग्रज, रेल्वे, हायवे असं सगळं करून आपण पुन्हा होडीवर आलो. माझा नायगावचा मित्र हल्ली वसईच्या नातेवाईकांकडून भाईंदरला येताना तीच पकडतो आणि मला वरून फोटो पाठवतो.

असो. बरंच लांबलं. घोडबंदर रोडने रात्री जाणार असाल तर चेण्याच्या पुढे, दोन्ही बाजूंना झाडी लागते तिथे, चाळीसच्या वर काटा नेऊ नका. फार तर पाच-सात मिनिटं जास्त लागतील.